मारिओ १६ मिलिमीटर, रीमेक पेण ते रोहा

४०,९६० बाइट. १९८५ साली निन्टेंडोने काढलेला ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा अख्खा खेळ एवढ्यात बसतो. ३२ लेव्हल, पाइप, नाणी, कासवं, पाण्याखालचं पोहणं, शेवटी पुलावर उभा असलेला बाउझर आणि कोजी कोंडो यांचं संगीत, सगळं धरून. त्यातले ३२ किलोबाइट प्रोग्रामचे, ८ किलोबाइट चित्रांचे. देवनागरीतलं एक चिन्ह संगणकात साठवायला सहसा ३ बाइट लागतात. त्या हिशेबाने मारिओच्या जागेत फक्त १३,६५३ चिन्हं मावतात. तुम्ही वाचताय तसले दोन लेखही त्यात बसणार नाहीत.

आता दुसरा आकडा. २०२० साली प्लेस्टेशन ४ वर ‘फायनल फँटसी सेव्हन’चा रीमेक आला. दोन ब्लू-रे डिस्क आणि साधारण १०० जीबी जागा. मारिओच्या सुमारे २४ लाख ४० हजार पट.

लाखांच्या पटीतला फरक नुसता वाचून कळत नाही. तो जमिनीवर अंथरला की कळतो, आणि त्यासाठी रायगड जिल्ह्यातच एक सोयीची पट्टी आहे. पेण ते रोहा हा लोहमार्ग साधारण ४० किलोमीटरचा. मध्ये कासू, नागोठणे आणि निडी ही स्टेशनं. ही सगळी वाट म्हणजे १०० जीबी धरू. मग १ किलोमीटर म्हणजे २.५ जीबी, १ मीटर म्हणजे २.५ एमबी आणि १ मिलिमीटर म्हणजे २.५ केबी. पेण स्टेशन हे शून्य. तिथून रोह्याच्या दिशेने एकेक खेळ मांडत जाऊ.

मारिओ मांडला की १६ मिलिमीटर भरतात. बोटाचं एक पेरं. हा खेळ ज्या यंत्रासाठी बनला, त्याची कामाची मेमरी २ किलोबाइट होती, म्हणजे आपल्या पट्टीवर एक मिलिमीटरही नाही. ‘काँट्रा’ १२८ किलोबाइटचा. तो ५ सेंटीमीटर भरतो आणि रुळाच्या माथ्याच्या रुंदीत मावतो. नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम ज्या ज्या घरात होता, तिथे ‘कॅसेट’ला फुंकर मारून जे काही सुरू व्हायचं, ते बहुतेक सगळं या पाच सेंटीमीटरच्या आत. ‘९९९ इन १’ असं छापलेल्या कॅसेटी तेव्हा सर्रास मिळायच्या. खरे वेगळे खेळ त्यात मोजकेच असत आणि उरलेल्या ओळींत तेच पुन्हा पुन्हा नाव बदलून येत.

एवढ्याशा जागेत खेळ कसा बसवला, हे जवळून बघण्यासारखं आहे. मारिओच्या आभाळातला ढग आणि जमिनीवरचं झुडूप एकच चित्र आहे. रंग पांढरा केला की ढग, हिरवा केला की झुडूप. सगळी चित्रं ८ बाय ८ पिक्सेलच्या तुकड्यांची, एका तुकड्याला १६ बाइट, आणि असे एकूण ५१२ तुकडे. छोटा मारिओ चार तुकड्यांचा. संगीत आवाज म्हणून साठवलेलंच नाही. कोणता सूर किती वेळ, एवढीच नोंद आहे आणि वाजवायचं काम यंत्रातल्या चिपचं. सीडीच्या दर्जाचा ध्वनिमुद्रित आवाज साठवायला सेकंदाला १,७६,४०० बाइट लागतात. म्हणजे सीडीवरच्या गाण्याच्या एका सेकंदात चार अख्खे मारिओ बसतात, वर थोडी जागा उरते.

१९९३ मध्ये निन्टेंडोनेच ‘सुपर मारिओ ऑल-स्टार्स’ काढला. मारिओचे चार जुने खेळ, नव्या यंत्रासाठी नव्याने रंगवलेले, मिळून २ एमबी. पट्टीवर ८४ सेंटीमीटर. दोन रुळांमधलं अंतर १ मीटर ६७.६ सेंटीमीटर असतं. चार खेळांचा नवा अवतार त्याच्या निम्म्यात संपला.

नव्याने आलेल्या जुन्या खेळांचे दोन प्रकार असतात. रीमास्टरमध्ये खेळाचा सांगाडा तोच राहतो, चित्र आणि आवाज उजळले जातात. रीमेकमध्ये सांगाड्यासकट सगळं पुन्हा बांधलं जातं. पट्टीवर पुढे जाऊ तसा हा फरक किलोमीटरांत दिसायला लागतो.

सीडीचं युग आलं आणि सेंटीमीटर संपले. ‘जीटीए: व्हाइस सिटी’च्या २००२ सालच्या खेळाला पीसीवर ९१५ एमबी लागायचे, म्हणजे ३६६ मीटर. मूळ ‘फायनल फँटसी सेव्हन’ १९९७ साली तीन सीडींवर आला. तिन्ही काठोकाठ भरल्या तरी २ जीबीच्या आसपास, म्हणजे ८०० मीटर. पेणहून सुटलेल्या गाडीने अजून नीट वेगही घेतलेला नसतो. याच खेळाचा रीमेक थेट रोह्याला पोचतो, आणि तोही अर्धवट कथा घेऊन. त्यात फक्त मिडगर या पहिल्या शहराचा भाग आहे, जो मूळ खेळात सुरुवातीच्या काही तासांत संपतो. पुढचा भाग ‘रीबर्थ’ २०२४ च्या फेब्रुवारीत आला आणि त्याला १५० जीबीच्या आसपास जागा लागते. पट्टीवर ६० किलोमीटर. रोह्याला मध्य रेल्वेची हद्द संपते आणि कोकण रेल्वे सुरू होते. ‘रीबर्थ’ ती हद्द ओलांडून कोलाडच्याही पुढे जातो.

मधल्या स्टेशनांवर कोण उतरतं तेही बघू. सायबर कॅफेत एका पिढीने खेळलेला ‘एज ऑफ एम्पायर्स टू’ १९९९ मध्ये एका सीडीवर मावायचा, म्हणजे पाव किलोमीटरच्या थोडं पुढेमागे. २०१९ च्या ‘डेफिनिटिव्ह एडिशन’ला ३० जीबी लागतात. १२ किलोमीटर, कासूच्या आसपास. जीटीएच्या तीन जुन्या खेळांना पीसीवर मिळून साधारण ५ जीबी पुरायचे, म्हणजे २ किलोमीटर. २०२१ साली ते तिन्ही एकत्र रीमास्टर होऊन आले तेव्हा ४५ जीबी झाले. १८ किलोमीटर, नागोठण्याच्या वाटेवर.

रोज दीड जीबी डेटा देणारा मोबाइल प्लॅन घेतलेल्या माणसाला १०० जीबीचा खेळ उतरवायला ६७ दिवसांचा सगळा डेटा घालवावा लागेल. सेकंदाला १० मेगाबिट देणारी लाइन असेल तर २२ तासांच्या वर. त्याच लाइनवर मारिओ सेकंदाच्या तिसाव्या हिश्शात उतरतो.

आता प्रश्न असा की एवढं वाढलं काय? उत्तरासाठी पडद्याकडे बघावं लागेल. जुन्या यंत्राचा पडदा २५६ बाय २४० पिक्सेलचा आणि सेकंदाला ६० चित्रं. म्हणजे सेकंदाला ३६ लाख ८६ हजार पिक्सेल. ‘द लास्ट ऑफ अस’ हा खेळ मूळ, रीमास्टर आणि रीमेक अशा तिन्ही रूपांत आला आहे, तो शेजारी ठेवू. २०१३ चा मूळ खेळ ७२० पी आणि सेकंदाला ३० चित्रं, म्हणजे २ कोटी ७६ लाख पिक्सेल. २०१४ चा रीमास्टर १०८० पी आणि ६० चित्रं, म्हणजे १२ कोटी ४४ लाख. २०२२ चा रीमेक फोर-के दर्जात ३० चित्रांनी खेळला तर २४ कोटी ८८ लाख.

मारिओपासून या रीमेकपर्यंत डोळ्यांपुढे येणारे पिक्सेल वाढले ६७ पट. साठवणीची जागा वाढली २४ लाख पट, कारण या रीमेकच्या पीसी आवृत्तीलाही १०० जीबी लागतात. या दोन आकड्यांमधली दरी म्हणजेच गेल्या चाळीस वर्षांचा इतिहास आहे. मारिओत एकच वीट शेकडो वेळा वापरली. आजच्या खेळात प्रत्येक भिंतीचा पोपडा निराळा, प्रत्येक पात्राचं प्रत्येक वाक्य नटाच्या आवाजात मुद्रित केलेलं. ४,०९६ बाय ४,०९६ पिक्सेलचं एक टेक्श्चर, म्हणजे भिंतीवर किंवा चेहऱ्यावर गुंडाळायचं एक चित्र, न दाबता साठवलं तर ६ कोटी ७१ लाख बाइट घेतं. त्या एका चित्राच्या जागेत १,६३८ मारिओ राहतात. आणि एका खेळात अशी चित्रं हजारोंनी असतात.

पण जागा वाढली म्हणजे खेळ वाढला असं होत नाही, हे जीटीएच्या रीमास्टरने दाखवलं. २००४ च्या ‘सॅन अँड्रियास’मध्ये लांबचं सगळं धुरकट दिसायचं, कारण जुन्या यंत्राला फार लांबचं रेखाटणं झेपत नव्हतं. त्या धुरक्यामुळे नकाशा अफाट वाटायचा, तीन शहरं एकमेकांपासून खरोखर दूर वाटायची. नव्या यंत्रांना लांबचं झेपतं म्हणून रीमास्टरमध्ये धुरकं काढलं आणि एका डोंगरावरून अख्खं राज्य दिसायला लागलं. ते फारच लहान निघालं. दुकानांच्या पाट्यांवर चुकीची अक्षरं उमटली, पाऊस डोळ्यांपुढे जाड रेघांसारखा पडू लागला. नोव्हेंबर २०२१ मध्ये हे खेळ काढणाऱ्या रॉकस्टार कंपनीने जाहीर माफी मागितली. रीमास्टर येण्याआधी विक्रीतून काढलेले मूळ पीसी खेळ परत विकायला ठेवावे लागले.

रीमेकचं काम किती अवघड असतं, याचं उदाहरण आपल्या महाराष्ट्रात आहे. ते ज्या मालिकेतलं आहे, तिची सुरुवात आधी बघू. जॉर्डन मेकनर यांनी १९८९ साली ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ अ‍ॅपल टू या संगणकावर लिहिला. आपल्या धाकट्या भावाला पळायला, उड्या मारायला लावून त्याचं चित्रण केलं आणि त्या हालचालींवरून राजपुत्र रेखाटला. त्यात मेमरी संपली आणि शत्रूसाठी नवं पात्र काढायला जागाच उरली नाही. मग मेकनर यांनी राजपुत्राचंच चित्र एक पिक्सेल सरकवून गणिती क्रियेने त्याच्यावरच टाकलं आणि त्यातून एक चमचमती सावली जन्माला आली. राजपुत्राचाच तो प्रतिस्पर्धी आजही लोकांच्या लक्षात आहे. जागेच्या टंचाईने खेळाला त्याचं सर्वांत गाजलेलं पात्र दिलं.

याच मालिकेतल्या २००३ च्या ‘सँड्स ऑफ टाइम’चा रीमेक युबिसॉफ्ट कंपनीच्या पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओंकडे दिला गेला. सप्टेंबर २०२० मध्ये त्याची घोषणा झाली, जानेवारी २०२१ ही तारीख ठरली. झलक बघून चाहत्यांनी नाराजी दाखवली, तारीख पुढे गेली आणि २०२२ च्या मे महिन्यात काम मूळ खेळ बनवणाऱ्या माँट्रियलच्या स्टुडिओकडे गेलं. यात पुण्या-मुंबईच्या कारागिरांना कमी लेखण्यासारखं काही नाही. लोकांनी आठवणीत जपलेल्या खेळाशी बरोबरी करणं हे नवा खेळ बनवण्यापेक्षा कठीण काम आहे, कारण मूळ खेळात प्रत्येकाने आपापल्या कल्पनेने भरलेली जागा रीमेकला एकाच चित्राने भरावी लागते.

म्हणूनच मूळ खेळ हाताशी राहणं गरजेचं आहे, आणि तिथे आकडे अस्वस्थ करतात. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये अभ्यास केला. त्यानुसार २०१० पूर्वी तिथे निघालेल्या जुन्या खेळांपैकी ८७ टक्के तेव्हा बाजारात मिळत नव्हते. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’चा मूळ प्रोग्रामही बरीच वर्षं हरवला होता. २०१२ मध्ये मेकनर यांच्या वडिलांना घरात जुन्या फ्लॉपी सापडल्या म्हणून तो हाती आला. जगातला इतका गाजलेला खेळ घरातल्या एका खोक्यामुळे वाचला.

काही रीमास्टरनी यावर चांगली वाट दाखवली आहे. २००१ च्या ‘हेलो’ची २०११ मध्ये आलेली आवृत्ती एक बटण दाबताच जुन्या रूपात जाते. २००० सालचा ‘डायब्लो टू’ २०२१ मध्ये नव्या चित्रांसह आला, तेव्हा आत जुन्याच खेळाचे नियम चालत ठेवले. पीसीवर ‘जी’ हे एक अक्षर दाबलं की पडद्यावर वीस वर्षांपूर्वीचा खेळ उभा राहतो. नवा खेळणारा दोन्ही बघतो आणि काय बदललं, काय तसंच राहिलं, याचा निवाडा स्वतः करतो.

प्रत्येक रीमेक आणि रीमास्टरने हे करावं. जागेचं कारण पुढे करता येणार नाही. १०० जीबीच्या रीमेकमध्ये मूळ ‘फायनल फँटसी सेव्हन’ घालायचा तर रोह्यापुढे जेमतेम ८०० मीटर जावं लागेल. मारिओच्या काळचा खेळ असेल तर १६ मिलिमीटर. चाळीस किलोमीटरचा रूळ टाकणाऱ्याला एक पेरभर जास्त टाकणं जड नाही, आणि ग्राहक म्हणून आपण ते पेरभर मागायला हवं.