छताचे पोपडे झाकण्याआधी

गणपती जवळ आले की गटाच्या बैठकीत कर्जासाठी एक कारण हमखास येतं, "छताचं काम काढायचंय." काम म्हणजे बहुधा पोपडे निघाले तिथे पुट्टी, वर रंग, नाहीतर पीओपीची नक्षी. पैसे जरूर द्या, पण आधी एक विचारा : ताई, छत वाजवून पाहिलंत का?

लांब काठीने छतावर हलकेच ठोका. बरोबर खाली उभं राहू नका, डोक्याला टॉवेल गुंडाळा. भरीव आवाज आला तर गिलावा धरून आहे. रिकाम्या मडक्यासारखा आला तर तो सुटलाय.

मग ओल बघा. आपल्याकडचा पाऊस तुम्हाला ठाऊक आहेच. गच्चीचं नाहीतर वरच्या मोरीचं पाणी स्लॅबमध्ये मुरतं आणि आतली सळई गंजते. गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, त्यामुळे खालचं काँक्रीट फुगून सुटतं. सरळ रेषेत चीर आणि तिच्या कडेला तांबूस डाग दिसला, तर दुखणं गिलाव्याचं नाही, सळईचं आहे. पंख्याच्या हुकाभोवती हे नक्की पाहा.

सळई ठीक असेल आणि वरचा थरच सुटला असेल, तर काम घरचं आहे. आधी गळती बंद करा. ती चालू असताना खालून केलेला खर्च पुढच्या पावसात खाली येतो. छत वाळू द्या. सुटलेलं सगळं खरवडा, कडा पक्क्या लागेपर्यंत. ब्रशने धूळ काढा, पाणी शिंपडा, एक भाग सिमेंट आणि तीन भाग चाळलेली रेती कालवून पातळ थरांत भरा. एकदम जाड थर मारला तर तो स्वतःच्या वजनाने सुटतो. सात दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी मारा. पूर्ण वाळल्यावर पुट्टी. आधीचं छत दाणेदार असेल तर ओली पुट्टी स्पंजने टिपत जा, तसेच दाणे उठतात. आधी पुठ्ठ्यावर हात बसवा.

पण सळई उघडी पडली, स्लॅब मध्ये झुकला किंवा काँक्रीटचे तुकडे पडू लागले, तर त्याला पुट्टी लावू नका आणि पीओपी तर मुळीच नको. पीओपीमागे चीर वाढत राहते, आपल्याला दिसतच नाही. शेजारचं उल्हासनगर आठवा. 28 मे 2021 च्या रात्री तिथे एका इमारतीचा पाचव्या मजल्याचा स्लॅब थेट तळापर्यंत कोसळला, सात माणसं गेली. त्याच महिन्यात 15 तारखेलाही तिथेच दुसऱ्या इमारतीचा स्लॅब पडून माणसं दगावली होती.

अशा खोलीतलं अंथरूण आणि पाळणा आजच हलवा. स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा, नगरपालिकेला किंवा ग्रामपंचायतीला लेखी कळवा आणि अर्जाची पोच घ्या. इंजिनिअरची फी जड वाटते खरी. पण गटाने पहिलं कर्ज त्यासाठी द्यावं, दुसरं गच्चीच्या वॉटरप्रूफिंगला. नक्षीसाठी पुढच्या वर्षीचे गणपती आहेतच.