सोळा फुटी हॉलमधला खर्ज

चांगला स्टिरिओ घेण्याचा विषय निघाला की बोलणे ताबडतोब कंपन्यांच्या नावांवर आणि वॅटच्या आकड्यांवर जाते. नंदुरबारच्या शौकिनाला त्यात आणखी एक खंत असते: भारी सेट निवांत ऐकवणारे दुकान पाहायचे तर बहुधा सुरत, नाशिक किंवा थेट मुंबई गाठावी लागते. ही खंत खरी आहे, पण आपण तिला नको तेवढी मोठी करून ठेवली आहे. स्पीकरमधून काय निघते हे कारखान्यात ठरते. कानापर्यंत काय पोहोचते हे बऱ्याच अंशी घराच्या भिंती ठरवतात. त्या भिंतींशी सेट जुळवून घेण्याचे काम कोणत्याही शोरूममध्ये होत नाही. ते घरीच, सवडीने, महिनोन्‌महिने ऐकत करावे लागते. उत्तम आवाजाचा मोठा वाटा त्या कामातून येतो आणि ते मलबार हिलइतकेच नंदुरबारलाही शक्य आहे.

तंबोऱ्याचेच उदाहरण घेऊ. गायकाने काळी एक हा षड्ज धरला की तंबोऱ्याची खर्जाची तार सेकंदाला सुमारे ६९ वेळा कंप पावते. आवाजाचा हवेतला वेग सेकंदाला साधारण ३४३ मीटर. भागाकार केला की या खर्जाच्या एका लहरीची लांबी जवळपास ५ मीटर, म्हणजे १६ फुटांच्या आसपास येते. हॉलची लांबीही १६ फूट असेल तर ही लहर समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये बरोबर मावते. जाणारी आणि परतणारी लहर एकमेकींत मिसळून खोलीत आवाजाचे चढउतार पक्के होतात. दोन्ही भिंतींलगत आणि मधोमध खर्ज घुमतो. प्रत्येक भिंतीपासून ४ फुटांवर तो जवळजवळ नाहीसा होतो. सोफा भिंतीला टेकवलेला असला की ऐकणारा म्हणतो, 'या स्पीकरचा बेस फार जड आहे.' तोच माणूस चार फूट पुढे बसला की म्हणतो, 'याला बेसच नाही.' स्पीकर आणि अँप दोन्ही तेच, बदलली ती फक्त बैठक. एक लाखाचा अँप काढून दोन लाखांचा लावला तरी हे चढउतार हलत नाहीत, कारण ते विटा-सिमेंटने आखून दिलेले आहेत. खुर्ची दीड-दोन फूट सरकवायला मात्र पैसा पडत नाही. स्पीकर भिंतीपासून किती पुढे ठेवायचे, यालाही हाच नियम लागू. सर्वांत वाईट खोली दहा बाय दहाची आणि दहाच फूट उंचीची: तिथे तिन्ही दिशांची पहिली घुमक ५६ हर्ट्झच्या आसपास एकावर एक चढते.

खर्जाच्या वरच्या आवाजांचे दुखणे वेगळे आहे. खानदेशातल्या जुन्या धाब्याच्या घरांत जाड मातीच्या भिंती, त्यांतले कोनाडे, लाकडी खांब-तुळया आणि वर मातीचा थर असे. असे ओबडधोबड पृष्ठभाग आवाज विखुरतात आणि मातीचे लिंपण तो थोडा शोषूनही घेते. नव्या घरात गुळगुळीत प्लास्टर, टाइल्सची फरशी आणि वर स्लॅब. तिथे टाळी वाजवा, ती रेंगाळते. हार्वर्डच्या वॉलेस सॅबिन यांनी १८९० च्या दशकात एका व्याख्यानगृहात खुर्च्यांच्या गाद्या आणून-काढून हे रेंगाळणे मोजले आणि त्याचे सूत्र बसवले. त्या सूत्राने १६ बाय १० च्या रिकाम्या सिमेंटी खोलीत आवाज विरायला दोन-तीन सेकंद लागतात. घरात संगीत ऐकायला अर्ध्या सेकंदाच्या आसपासचा काळ बरा. दोन-तीन सेकंदांत द्रुत तानेतले किती स्वर एकमेकांवर चढत असतील! तंबोऱ्याची जवारी, जिच्यासाठी मिरजेचे कारागीर घोडीवर इतके कष्ट घेतात, ती अशा खोलीत नुसती भणभण होते. जाड सतरंजी, पडदे, भरलेले पुस्तकांचे कपाट, स्पीकरसमोरच्या भिंतीवर टांगलेली गोधडी यांनी पुष्कळ फरक पडतो. खर्जावर मात्र गोधडीचा इलाज चालत नाही. तिथे पुन्हा जागाच बदलून पाहावी लागते.

यावर कोणी म्हणेल, शोरूममध्ये तज्ज्ञांनी सजवलेल्या खोलीत ऐकून निवड करणे अधिक खात्रीचे नाही का? ध्वनिसंशोधक फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग याचे उत्तर देतो. त्याच श्रोत्यांनी तेच स्पीकर एकदा डोळ्यांनी पाहत आणि एकदा पडद्याआड ठेवून ऐकले, आणि गुण बदलले. आकार आणि नाव दिसत होते तोवर कान त्यांच्या मागे जात होते. त्यात आवाज जरा जरी मोठा केला तरी तो 'मोठा' न वाटता 'चांगला' वाटतो, आणि घाईच्या चाचणीत ही फसगत हटकून होते. घरी तीच रेकॉर्ड महिनाभर लावली की असे मोह गळून पडतात. जुने संगीत मोनो, मग स्टिरिओ हवा कशाला, हा आक्षेपही घरीच सुटतो. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या ७८ च्या तबकड्यांवरचा आवाज एकपदरी आहे; तो दोन्ही स्पीकरांतून सारखाच येतो, म्हणून गायक दोघांच्या बरोबर मधोमध उभा राहिला पाहिजे. तो डावीकडे झुकला किंवा रुंद पसरला तर मांडणी चुकली आहे. यापेक्षा स्वस्त आणि प्रामाणिक कसोटी मला तरी माहीत नाही.

नंदुरबारच्या उन्हाळ्याचा हिशेबही शोरूममध्ये कोणी करत नाही. बाहेर ४२ अंश असताना पत्र्याच्या बंद कपाटातला अँप आतून फार तापतो आणि अँपमधल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे आयुष्य दर १० अंश वाढीला ढोबळ मानाने निम्मे होते. इथे क्लास ए जातीचा सतत तापणारा अँप कितीही गोड वाजला तरी मी सुचवणार नाही.

राहिला सर्वांत वजनदार आक्षेप: कान सरावतात. एकाच सेटसोबत वर्षानुवर्षे राहिले की त्याचा दोषही गोड वाटू लागतो. हे खरे आहे. त्यावर उपाय दुसरा सेट हा नव्हे, मुळात स्पीकरच नसलेला आवाज हा आहे; आणि याबाबतीत हा जिल्हा महानगरांपेक्षा श्रीमंत आहे. शहरात छोट्या मैफलीलाही माइक लागतो. इथे भजनी मंडळाचा मृदंग आणि टाळ समोर बसून ऐकता येतात. अक्कलकुवा तालुक्यात काठी गावच्या होळीला सातपुड्याच्या उघड्या आभाळाखाली रात्रभर ढोल, बासरी आणि नाचणाऱ्यांच्या कमरेचे घुंगरू वाजतात. ते ऐकलेल्या कानाला घरचा सेट कुठे कमी पडतो हे लगेच कळते. कमी तो पडणारच: आवाज १० डेसिबलने चढवायला अँपला दहापट ताकद लागते, २० डेसिबलला शंभरपट. काठीचा ढोल हॉलमध्ये आणायच्या नादात माणसे मोठमोठे वूफर घेतात आणि पुन्हा खोलीच्या त्याच घुमकीत अडकतात. गळा, तंबोरा, तबला, सारंगी, बासरी यांचे तसे नाही. ही सारी खोलीच्या मापाची आहेत, आणि १६ फुटी हॉलमध्ये नीट मांडलेले मध्यम किमतीचे दोन स्पीकर ती जवळजवळ खऱ्या आकारात उभी करू शकतात.