विशेषण भूमीचे, नाम माणसाचे

२ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा मुक्त झाले. तोपर्यंत आमलीतील वारली शेतकऱ्याला इंग्रजीत ‘पोर्तुगीज सब्जेक्ट’, म्हणजे पोर्तुगीज प्रजाजन, म्हणता येत असे. येथे ‘पोर्तुगीज’ हे विशेषण होय. ‘सब्जेक्ट’ गाळून ‘अ पोर्तुगीज’ म्हटले, की तोच शब्द नाम होतो आणि पोर्तुगालचा माणूस असा अर्थ सुचवितो. वारली शेतकरी तसा कधीच नव्हता.

इंग्रजीतील राष्ट्रवाचक शब्दांच्या मुख्यतः तीन तऱ्हा आहेत. ‘इंडियन’ हा शब्द विशेषण आहे आणि नामही. त्याचे अनेकवचन ‘इंडियन्स’. ‘पोर्तुगीज’, ‘चायनीज’ हे शब्दही दोन्ही कामे करतात. पण एक असो वा दहा, त्यांचे रूप पालटत नाही. ‘पोर्तुगीज’ हेच अनेकवचन आहे अशा समजुतीने ‘पोर्तुगी’ असे एकवचन बोलीत निघाले होते. ते अशिष्ट ठरले. तिसरी तऱ्हा ‘इंग्लिश’, ‘फ्रेंच’ यांची. हे शब्द विशेषणे होत. आरंभी ‘द’ लावल्यास सबंध राष्ट्र सूचित होते. एका व्यक्तीसाठी मात्र ‘इंग्लिशमन’ हवे.

मराठी विद्यार्थी नेमका येथेच चुकतो. मराठीत ‘इंग्रज’ म्हणजे माणूस आणि ‘इंग्रजी’ हे विशेषण. म्हणून ‘तो इंग्रज आहे’ याचे भाषांतर तो ‘ही इज अॅन इंग्लिश’ असे करतो. त्यातील ‘अॅन’ काढला, की वाक्य शुद्ध होते. गंमत अशी, की ‘इंग्रज’ आणि ‘वलंदेज’ हे शब्द मराठीत पोर्तुगीजांकडूनच आले. त्यांच्या शेवटचा ‘ज’ हा पोर्तुगीज प्रत्ययाचाच अवशेष आहे.

१९५५ मध्ये पोर्तुगालने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात भारताविरुद्ध दावा लावला. त्याचे नाव ‘राइट ऑफ पॅसेज ओव्हर इंडियन टेरिटरी’. दमण आणि दादरा-नगर हवेली यांमधील भूमीला लागलेले ‘इंडियन’ हे विशेषण पोर्तुगालनेही नाकारले नाही. १२ एप्रिल १९६० रोजी निकाल लागला : खाजगी व्यक्ती, मुलकी अधिकारी व माल यांना जाण्यायेण्याचा हक्क होता, सशस्त्र दलांना नव्हता, भारताने कोणतेही बंधन मोडले नव्हते.

११ ऑगस्ट १९६१ रोजी हा प्रदेश भारतात विलीन झाला आणि आमलीच्या भूमीलाही ते विशेषण लाभले. तेथील माणसाला ‘अॅन इंडियन’ हे नाम कायद्याने मिळाले, ते १९६२ च्या नागरिकत्व आदेशाने. व्याकरणात त्या ‘अॅन’चे मोल एका अक्षराएवढे, आमलीच्या शेतकऱ्याला मात्र त्यासाठी आठ वर्षे वाट पाहावी लागली.