कायदा गावपातळीवर, भाग ६ : सुई टोचणारे ‘डॉक्टर’

मागच्या भागात वायरमनच्या परवान्याचं पाहिलं. आजचा मामला त्याहून नाजूक.

बुलढाणा जिल्ह्यातले संग्रामपूर आणि जळगाव जामोद हे तालुके सातपुड्याच्या पायथ्याशी. पलीकडे मध्य प्रदेश. अशा भागात आडगावी, पत्र्याच्या खोलीत एक बाकडं, खिळ्याला टांगलेली सलाइनची बाटली, एवढ्यावर दवाखाना चालतो. वावरातून कंबर धरून आलेला माणूस सुई घेतो आणि तासाभरात ताठ चालू लागतो. ‘हाताला गुण आहे’ म्हणायला आणखी काय लागतं? बऱ्याचदा त्या सुईत डायक्लोफेनॅक आणि डेक्सामेथासोन असतं. एक वेदनाशामक, दुसरं स्टेरॉइड. औषधं खरी, म्हणून गुणही खरा. पण हा खारपाणपट्टा आहे, मूत्रपिंडाच्या विकारांनी गांजलेला. आधीच अधू मूत्रपिंडाला डायक्लोफेनॅक झेपत नाही. क्रिएटिनिन न तपासता टोचलेली सुई इथे दुखणं थांबवते आणि रोग वाढवते.

कायदा मात्र गुणाची चौकशीच करत नाही. महाराष्ट्र वैद्यकीय व्यवसायी अधिनियम, १९६१ चं कलम ३३ विचारतं ते एवढंच : नोंदणी आहे का? नसेल तर पहिल्याच गुन्ह्याला दोन ते पाच वर्षं सक्तमजुरी, शिवाय दंड. जोडीला फसवणुकीचं कलम लागतं. पूर्वी भादंविचं ४२०, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं ३१८.

धाड पडते तेव्हा तालुका आरोग्य अधिकारी, पोलीस आणि पंच सोबत असतात. सुया, अँप्यूल, लेटरपॅड जप्त होतात, भिंतीवरच्या प्रमाणपत्राचा नंबर वैद्यकीय परिषदेच्या नोंदवहीशी ताडून पाहतात. पुढे कोर्टात आरोपी म्हणतो, मी तर घरगुती औषध सांगत होतो. आणि ‘याने मला सुई दिली, पैसे घेतले’ असं सांगायला रुग्ण उभा राहत नाही. का राहावा? रात्री-अपरात्री उधारीवर दार उघडणारा तोच एक असतो. माझ्या मते असे खटले कोर्टात नव्हे, पंचनाम्यातच हरले जातात. रुग्णाचा जबाब त्याच दिवशी घेतला नाही, तर महिन्याभराने तो मिळत नाही.

पदवी असूनही माणूस अडकू शकतो. मुंबईत एका नोंदणीकृत होमिओपॅथने तापाच्या रुग्णाला ॲलोपॅथीची औषधं दिली. १९९२ साली तो रुग्ण दगावला. पूनम वर्मा विरुद्ध अश्विन पटेल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये तीन लाखांची भरपाई द्यायला लावली आणि बजावलं, की जी पद्धत शिकला नाही तिने उपचार करणारा भोंदूच.

पण २०१४ मध्ये महाराष्ट्राने कायदा बदलला आणि एक वर्षाचा औषधशास्त्राचा अभ्यासक्रम केलेल्या होमिओपॅथना ॲलोपॅथीची वाट मोकळी केली. त्यावरून सप्टेंबर २०२५ मध्ये राज्यातले डॉक्टर संपावर गेले. ते भांडण पुढच्या आठवड्यात.