लोपनोरचा स्फोट आणि दिल्लीतील वाद

१६ ऑक्टोबर १९६४ रोजी सिंकियांगमधील लोपनोरच्या निर्जन मुलखात चीनने आपल्या पहिल्या अणुबाँबचा स्फोट घडवून आणला, तेव्हा १९६२ मध्ये चीनकडून झालेल्या पराभवाची जखम भारताच्या मनात ओली होती, नेहरूंना जाऊन पुरते पाच महिनेही लोटले नव्हते, आणि राज्यशकटाची धुरा ज्यांच्या खांद्यावर आली होती त्या लालबहादुर शास्त्रींच्या सामर्थ्याची कसोटी अद्याप लागावयाची होती. स्फोट अगदीच अनपेक्षित होता असे नाही. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डीन रस्क यांनी सप्टेंबरअखेरीस तशी जाहीर सूचना दिली होती, आणि चीनला या मार्गापासून परावृत्त करण्यासाठी शिष्टमंडळ पाठवावे असे शास्त्रींनी कैरोच्या अलिप्त राष्ट्रांच्या परिषदेत सुचविलेही होते.

भारतानेही बाँब करावा, ही जनसंघाची मागणी लागलीच पुढे आली. परंतु वादाला खरी धार चढली ती २४ ऑक्टोबरला, अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष होमी भाभा यांच्या आकाशवाणीवरील भाषणाने. निःशस्त्रीकरणाचा पुरस्कार करीत असतानाच त्यांनी सांगितले की, दहा किलोटनांच्या एका स्फोटास सुमारे साडेसतरा लाख रुपये खर्च येतो. हा आकडा अमेरिकी अंदाजावरून घेतलेला होता. अणुभट्टी, प्लुटोनियम वेगळे काढण्याचा कारखाना, बाँब वाहून नेणारी विमाने यांची तजवीज त्यात धरलेली नव्हती. तथापि बाँब स्वस्तात होतो, एवढेच लोकांच्या ध्यानी राहिले, आणि धान्याच्या टंचाईने गांजलेल्या देशात शास्त्रींना या हिशेबाचाच प्रतिवाद करावा लागला.

नोव्हेंबरात गुंटूर येथे भरलेल्या काँग्रेस महासमितीच्या बैठकीत स्वपक्षीयांचा दबाव सोसून त्यांनी बाँब न करण्याचे धोरण राखले. त्यांच्या या वर्तनाला दुर्बलता म्हणणे मला सर्वथा अन्यायाचे वाटते. कारण गांधी-नेहरूंचा वारसा एका झटक्यात टाकून देण्यास नकार देतानाच, हे धोरण कधीच बदलणार नाही असे मात्र म्हणता येणार नाही, हेही त्यांनी स्पष्ट केले. बाँबची मागणी करणारा जनसंघाचा ठराव लोकसभेत फेटाळला गेला. डिसेंबरात लंडनला ब्रिटनचे पंतप्रधान विल्सन यांच्याशी बोलताना त्यांनी अण्वस्त्रहीन राष्ट्रांच्या संरक्षणाची हमी अण्वस्त्रधारी राष्ट्रांनी द्यावी हा विषय काढला, परंतु भरवशाचे असे काही हाती आले नाही. आणि इकडे शांततामय कार्यासाठी भूमिगत स्फोट करण्याच्या पूर्वतयारीस भाभांना त्यांची संमती मिळालेली होती.