बोरीकांठचा एक दिवस

तुळजापुरास जाणाऱ्या कुटुंबांची रीत ठरलेली असते. पहांटे कल्लोळतीर्थावर स्नान, मग अंबाबाईचें दर्शन, ओटी, नैवेद्य, आणि दुपार कलण्याच्या आंत परतीची वाट. तेथून नळदुर्ग कांहीं फार दूर नाहीं. पण कुलदेवतेच्या यात्रेंत किल्ल्याला जागा कोठली! आम्हीही कित्येक वर्षें सोलापूर-हैदराबाद रस्त्यानें जातांना गाडींतूनच तो काळा तट पाहून पुढें गेलों. दोन वर्षांपूर्वीं एकदां मातोश्रींना मुद्दाम घेऊन गेलों, तों त्या सालीं पावसानें दगा दिलेला. बंधाऱ्यावरून पाण्याचा थेंब नव्हता, आणि खालीं खडकांत शेरडें चरत होतीं. गेल्या भाद्रपदांत त्यांनीं निक्षून सांगितलें, "या खेपेस नर-मादी पडतांना दाखवा. पुढच्या वर्षाचें कोणीं पाहिलें आहे?" चौऱ्यायशीं वर्षांच्या माणसाला यावर काय उत्तर द्यावें?

नर आणि मादी हे दोन धबधबे आहेत. परंतु ते डोंगराचे नव्हेत, माणसाच्या हातचे आहेत. बोरी ही कांहीं मोठी नदी नव्हे. धाराशिव जिल्ह्यांतच उगम पावून ती पुढें भीमेस मिळते, आणि उन्हाळ्यांत तर ती आहे कीं नाहीं असा संशय यावा. अशा नदीचा प्रवाह वळवून किल्ल्यांत आणला, नळदुर्ग आणि पलीकडील रणमंडळ या दोहोंच्या मध्यें दगडी बंधारा घातला आणि त्या बंधाऱ्याच्या पोटांतच महाल काढला. हाच पाणीमहाल. वरून पाणी कोसळत असतां आंत मनुष्य कोरडा उभा राहतो! इ. स. १६१३ चा फारशी शिलालेख तेथें आहे, आणि बांधकाम दुसऱ्या इब्राहीम आदिलशहाच्या कारकीर्दींतील आहे. हा महाल पाहून मित्रांचे डोळे उजळतील व शत्रूंचे अंधारतील, असा त्या लेखाचा आशय सांगतात.

वरच्या अंगास बोरीवर अलीकडच्या काळांतलें धरण आहे. तें भरून सांडूं लागलें म्हणजेच येथें धबधबे सुरू होतात. त्यामुळें नर-मादीची बातमी ही या दुष्काळी मुलखांत पीकपाण्याचीच बातमी असते. आम्ही पोहोंचलों तेव्हां आवाज दरवाजापासूनच ऐकूं येत होता.

आमच्या बरोबरच्या तात्यांचा मात्र उत्साह बेताचा होता. शंभरावर बुरुजांचा तो पसारा, फुलासारखा पाकळ्या पाकळ्यांनीं उमललेला नऊ पाकळ्यांचा बुरूज, सगळ्यांहून उंच असा उपळ्या बुरूज व त्यावरील तोफा, हें सारें पाहून झाल्यावर ते म्हणाले, "बांधणारे आपले नव्हेत, मग आपण कशाचें कौतुक करावयाचें?" हा प्रश्न पुष्कळ घरांत निघतो, म्हणून येथें लिहितों. ज्या इब्राहीमाच्या काळीं हा महाल झाला, त्यानें 'किताबे-नवरस' हा गीतांचा ग्रंथ रचला आणि त्यांत सरस्वतीला वंदन केलें. गाण्याचें असें वेड असलेल्या राजाच्या काळांत पाण्याचा नाद ऐकत बसण्यासाठीं खोल्या बांधल्या जाव्यात, यांत आम्हांला तरी नवल वाटत नाहीं. शिवाय दगड घडविणारे हात कोणाचे होते? याच मुलखांतल्या लोकांचे असावेत. तात्यांनीं मान हालविली. पटलें कीं नाहीं तें कळलें नाहीं.

गांवाची स्थिति पाहून मात्र वाईट वाटतें. १८५३ च्या तहानें निजामानें हा प्रदेश इंग्रजांच्या हवालीं केला तेव्हां नळदुर्ग जिल्ह्याचें ठाणें होतें, आणि मेडोज टेलर हा त्याचा कारभार पाहत होता. तुळजापूरच्या ब्राह्मण मुलीला नायिका करून त्यानें १८६३ सालीं 'तारा' ही कादंबरी प्रसिद्ध केली, ती याच सहवासाचें फळ म्हणावयाची. १८६० सालीं मुलूख निजामाकडे परत गेला. पुढें जिल्ह्याचें ठाणेंही येथें राहिलें नाहीं; आज नळदुर्ग तुळजापूर तालुक्यांत मोडतें. १९४८ च्या सप्टेंबरच्या १३ तारखेस भारतीय फौज सोलापुराकडून हैदराबाद संस्थानांत शिरली, तेव्हां पहिली चकमक येथेंच झाली, आणि बोरीवरचा पूल शाबूत हातीं आला. मुलांना पाठ्यपुस्तकांतली ती तारीख त्या पुलावर नेऊन सांगितली, तेव्हां तीं प्रथमच गप्प बसलीं.

असो. मुख्य गोष्ट राहिलीच. पाणीमहालाच्या पायऱ्या ओल्या, अंधाऱ्या आणि उंच. आम्ही मातोश्रींना वरच बसण्याविषयीं विनविलें. त्यांनीं उत्तर न देतां चपला काढल्या, एका बाजूस नातवाचा आणि दुसऱ्या बाजूस नातसुनेचा हात धरला आणि एकेक पायरी मोजीत उतरल्या. खालीं खिडकीपाशीं पांढरें पाणी पडद्यासारखें कोसळत होतें. बोललेलें ऐकूं येत नव्हतें. बऱ्याच वेळानें त्या आमच्या कानाशीं येऊन म्हणाल्या, "माजघरांतून पाऊस पाहावा, तसें आहे रे हें." तात्याही मागोमाग उतरले होते. परत चढण्याची घाई सर्वांत शेवटीं त्यांनाच झाली.

वर आल्यावर मातोश्रींना खंडोबाची आठवण झाली. येथला देव वर्षांतला थोडा काळ नळदुर्गास असतो आणि बाकीचा अणदुरास. पौषी पौर्णिमेची जत्रा नळदुर्गास भरते. भाद्रपदांत देव अणदुरास. तेव्हां गाडी घराकडे न वळवितां अणदुराकडे वळविली, आणि वाटेंत मुलांनीं शिदोरींतल्या उरलेल्या दशम्या संपविल्या.