भिंतीपासून भिंतीपर्यंत : निवासी व व्यावसायिक वास्तूंतील कार्पेटची निवड आणि बसवणी (महाराष्ट्राच्या हवामानाच्या संदर्भात)

बीजसंज्ञा : कार्पेट, जमिनीतील ओल, तंतू, लव, कार्पेट टाइल, बसवणी, देखभाल.

प्रस्तावना

जमिनीवर काही अंथरून बसण्याची रीत महाराष्ट्राला नवी नाही. सतरंजी, जाजम, जमखाना, रुजामा हे शब्द मराठीत रुळले ते त्या वस्तू घरोघर होत्या म्हणून. पुण्याच्या येरवडा कारागृहात एकोणिसाव्या शतकात बंद्यांकडून विणून घेतले जाणारे गालिचेही प्रसिद्ध होते. या सर्व आच्छादनांत एक गोष्ट समान होती, ती म्हणजे ती गुंडाळून ठेवता येत असत. कार्य निघाले की जाजम पसरावे, कार्य उरकले की झटकून, उन्हात टाकून त्याची घडी घालावी, असा क्रम होता. पावसाळ्याच्या देशात हा क्रम केवळ सोयीचा नव्हता. तो आरोग्याचाही होता.

भिंतीपासून भिंतीपर्यंत बसविलेले कार्पेट हे या परंपरेचे पुढचे रूप आहे असे वरकरणी वाटते. परंतु स्वभावाने ते फरशीच्या अधिक जवळचे आहे. ते उचलता येत नाही, त्याला ऊन दाखविता येत नाही आणि त्याखालच्या जमिनीचे काय झाले हे वर्षानुवर्षे कळत नाही. असे असूनही त्याची खरेदी बहुधा रंग, मऊपणा आणि प्रतिचौरसफूट भाव या तीन गोष्टी पाहूनच केली जाते. वास्तविक निवडीचा प्रारंभ कार्पेटपासून नव्हे तर त्याखालच्या जमिनीपासून व्हावयास हवा, या भूमिकेतून प्रस्तुत लेखात या विषयाचा विचार केला आहे.

जमीन आणि ओल

महाराष्ट्रातील जुन्या घरांत तळमजल्याची जमीन म्हणजे मुरूम चोपून त्यावर बसविलेली शहाबादी फरशी किंवा सिमेंटचा कोबा. अशा जमिनीखाली ओल अडविणारा थर बहुधा नसतो. पावसाळ्यात मातीतील पाणी बाष्परूपाने वर येते. उघड्या फरशीवरून ते हवेत निघून जाते व त्याची फारशी दखलही घेतली जात नाही. मात्र त्याच फरशीवर रबरी किंवा फोमचा थर आणि त्यावर कार्पेट आले की बाष्पाची वाट अडते. गोंद सैल होतो, तागाचे अस्तर असल्यास ते कुजते आणि खोलीत कोंदट वास येऊ लागतो. हा वास कार्पेटचा समजून त्यावर सुगंधी द्रव्ये फवारणारे पुष्कळ असतात. तो वस्तुतः बुरशीचा असतो.

ओल तपासण्याची एक साधी पद्धत सर्वांना करता येण्याजोगी आहे. साधारण १८ इंच लांबी-रुंदीचा जाड पॉलिथिनचा तुकडा जमिनीवर पसरून त्याच्या चारही कडा चिकटपट्टीने घट्ट बंद कराव्यात व किमान १६ तासांनी तो उचलून पाहावा. आतील बाजूस दव जमले असेल किंवा जमिनीचा रंग गडद झाला असेल तर तेथे कार्पेट बसवू नये. अधिक नेमकेपणा हवा असल्यास जमिनीवर आर्द्रतामापक बंदिस्त ठेवून मोजणी करतात. ७५ टक्क्यांहून अधिक सापेक्ष आर्द्रता आढळल्यास जमीन अद्याप तयार नाही, असे ब्रिटिश प्रघातानुसार मानले जाते. येथे ऋतूचा मुद्दा निर्णायक आहे. चैत्र-वैशाखात कोरडी ठरलेली जमीन श्रावणात तशीच राहील याची शाश्वती नाही. शक्य असेल तेथे ही परीक्षा भर पावसाळ्यात करावी आणि बसवणी त्यानंतरच्या कोरड्या महिन्यांत करावी. नव्या बांधकामात तर घाई विशेष महागात पडते. सिमेंटचा थर अनुकूल हवेत दिवसाला सुमारे एक मिलिमीटर या गतीने सुकतो, असा बांधकामातील ठोकताळा आहे. म्हणजे ५० मिलिमीटर जाडीच्या थराला जवळजवळ दोन महिने दिले पाहिजेत, आणि दमट हवेत त्याहूनही अधिक.

वरून येणाऱ्या ओलाव्याचाही विचार करावा लागतो. मुंबई, रत्नागिरी, सिंधुदुर्ग किंवा गोवा येथे पावसाळ्यात हवेची सापेक्ष आर्द्रता दीर्घकाळ ८० टक्क्यांच्या वर असते. घरातील धुळीत राहणारे अतिसूक्ष्म कीटक (ज्यांच्या विष्ठेमुळे अनेकांना शिंका, नाक गळणे, दमा असे त्रास होतात) सुमारे ५० टक्क्यांखालील आर्द्रतेत फार काळ तग धरू शकत नाहीत. त्यावरील आर्द्रतेत मात्र ते फोफावतात. कार्पेटची लव हा त्यांना आयता आसरा होय. त्यामुळे कोकण किनाऱ्यावर, वातानुकूलन नसलेल्या शयनगृहात, विशेषतः घरात दम्याचा रुग्ण किंवा रांगते मूल असताना, स्थिर कार्पेट बसविणे योग्य नव्हे. तेथे सुती सतरंजी किंवा उचलता येणारा लहान गालिचा अधिक शहाणपणाचा. कार्यालयांतही एक सूक्ष्म धोका असतो. सोमवार ते शुक्रवार चालणारी वातानुकूलन यंत्रणा शनिवार-रविवार बंद राहते, बाहेरची दमट हवा आत शिरते आणि थंड राहिलेल्या जमिनीवर ओलावा धरतो. अशा कार्यालयांनी पावसाळ्यात सुट्टीच्या दिवशीही काही तास यंत्रणा चालू ठेवणे इष्ट.

तंतूंची निवड

लोकर, नायलॉन, पॉलिप्रॉपिलिन आणि पॉलिएस्टर हे लवेसाठी वापरले जाणारे प्रमुख तंतू. त्यांच्यातील पहिला भेद पाण्याशी असलेल्या नात्याचा आहे. प्रमाणित हवेत लोकर स्वतःच्या वजनाच्या सुमारे १६ टक्के ओलावा धरते, नायलॉन सुमारे ४ टक्के, पॉलिएस्टर अर्धा टक्काही नाही आणि पॉलिप्रॉपिलिन जवळजवळ शून्य. यावरून दमट प्रदेशात पॉलिप्रॉपिलिन सर्वोत्तम, असा निष्कर्ष घाईने काढला जातो व विक्रेतेही तो पुढे करतात. तंतू कुजत नाही हे खरे. परंतु तंतूंमध्ये साचलेली धूळ आणि खालचे अस्तर यांना तो नियम लागू होत नाही. शिवाय पॉलिप्रॉपिलिनची लव दाबली गेली की नायलॉनसारखी पुन्हा उभी राहत नाही. जेथे रोज शेकडो पावले पडतात तेथे वर्षा-दोन वर्षांत पायवाट उमटलेली दिसते.

दुसरा भेद डागांचा, आणि येथे मराठी स्वयंपाकघराचा विचार अपरिहार्य ठरतो. हळदीतील रंगद्रव्य लोकर व नायलॉन या दोहोंना रंगासारखेच धरते. या उलट पॉलिप्रॉपिलिन बहुधा वितळलेल्या अवस्थेतच रंगविलेले असते व पाण्यात विरघळणारा डाग सहसा स्वीकारत नाही; तेल मात्र ते सोडत नाही. जेवणाच्या टेबलाखाली कोणतेही कार्पेट नसावे हाच यावरील खरा उपाय.

तिसरा मुद्दा आगीचा. लोकर सहजी पेट घेत नाही. पॉलिप्रॉपिलिन सुमारे १६५ अंश सेल्सिअसला वितळते. देवघराजवळ अगरबत्तीची ठिणगी किंवा निरांजनाची वात पडली तरी तेथे कायमचे छिद्र राहते. घरापुरता हा नुकसानीचा प्रश्न असला तरी चित्रपटगृह, हॉटेलचे बोळ, सभागृह अशा ठिकाणी तो जीविताचा प्रश्न आहे. अशा ठिकाणी कार्पेटच्या अग्निचाचणीचा अहवाल मागून घेणे आवश्यक आहे. या चाचणीत ज्वाला पसरणे थांबते त्या ठिकाणची उष्णता मोजली जाते. आकडा जितका मोठा तितके कार्पेट सुरक्षित. बाहेर पडण्याच्या मार्गांसाठी प्रतिचौरस सेंटिमीटर ०.४५ वॉट हा वरच्या वर्गाचा निकष प्रचलित आहे. लग्नाच्या हॉलमध्ये अंथरले जाणारे स्वस्त नीडल-पंच कार्पेट या कसोटीला उतरते की नाही, याची चौकशी क्वचितच कोणी करतो.

विदर्भात चित्र वेगळे असते. नागपूर-अकोल्याच्या कोरड्या हवेत ओलीपेक्षा धूळ आणि स्थिर विद्युत यांचा उपद्रव अधिक. कृत्रिम तंतूंच्या कार्पेटवरून चालताना शरीरावर साडेतीन हजार व्होल्टच्या वर भार साठला की माणसाला झटका जाणवू लागतो. संगणककक्षासाठी कार्बनचे वाहक धागे मिसळलेले कार्पेट घेण्यामागे हेच कारण आहे.

तंतूइतकेच महत्त्व लवेच्या रचनेला आहे. वळ्यांची, म्हणजे न कापलेली आखूड व दाट लव चालण्याचा ताण सहन करते. कापलेली उंच लव मऊ वाटते परंतु धूळ खोलवर धरते. येथे घर व कार्यालय यांतील एक फरक लक्षात घेण्याजोगा आहे. मराठी घरात पादत्राणे दाराबाहेर काढली जातात, त्यामुळे झीज अल्प असते. मात्र अनवाणी पायांचा तेलकटपणा लवेला लागतो आणि ती काळवंडते. कार्यालयात बुटांबरोबर येणारी वाळू तंतूंना मुळाशी कापते. तेव्हा घरासाठी सहज धुता येण्याचा गुण पाहावा व कार्यालयासाठी टिकाऊपणाचा. महागडे व्यावसायिक नायलॉन घरात बसवून विशेष काही साधत नाही.

मोजमापाचा हिशेब

कार्पेटचा भाव चौरस फुटाने सांगितला जातो, परंतु ते रुंदीच्या बंधनात विकले जाते. बाजारातील गुंडाळ्या बहुधा १२ फूट किंवा ४ मीटर रुंदीच्या असतात. समजा, एका सदनिकेतील दिवाणखाना १४ फूट बाय १८ फूट, म्हणजे २५२ चौरस फुटांचा आहे आणि गुंडाळी १२ फुटी आहे. गुंडाळी १८ फुटांच्या दिशेने पसरली तर दोन फुटांची पट्टी उघडी राहते. ती अखंड हवी असल्यास आणखी १८ फूट घ्यावे लागतात. एकूण खरेदी ४३२ चौरस फूट होते. ही पट्टी तीन-तीन फुटांचे सहा तुकडे जोडून भरली तर कागदावर २५२ चौरस फुटांतच काम भागते, पण एका लांब सांध्याखेरीज पाच आडवे सांधे येतात. गुंडाळी १४ फुटांच्या दिशेने पसरल्यास दोन पट्टे लागतात, खरेदी ३३६ चौरस फूट होते, सांधा एकच येतो आणि ६ फूट बाय १४ फुटांचा अखंड तुकडा उरतो; तो लहान खोलीला उपयोगी पडतो. कडेच्या छाटणीसाठी लागणारी काही इंचांची वाढ यात धरलेली नाही. कारागिराने सर्वांत कमी आकडा सांगितला तर तो कोणत्या मांडणीचा आहे हे विचारावे, कारण त्या आकड्यात पाच सांधे दडलेले असू शकतात.

हाच दिवाणखाना ५० सेंटिमीटरच्या कार्पेट टाइलने भरावयाचा झाल्यास ९ गुणिले ११, म्हणजे ९९ टाइल लागतात. क्षेत्रफळ सुमारे २६६ चौरस फूट. नासाडी थोडी, आणि टाइलचे सांधे हे तिच्या रचनेचाच भाग असतात. टाइलचा भाव गुंडाळीपेक्षा अधिक असला तरी तुलना प्रत्यक्ष खरेदीच्या एकूण रकमेची करावी, प्रतिचौरसफूट भावाची नव्हे.

बसवणी

कार्पेट आणल्यावर ते त्याच खोलीत किमान एक दिवस उलगडून ठेवावे, म्हणजे हवेशी जुळवून घेताना होणारे आकुंचन-प्रसरण आधीच घडून जाते. सर्व पट्टे एकाच रंगखेपेतील असावेत आणि लवेची दिशा सर्वत्र एकच राखावी. दिशा उलटली तर एकाच कार्पेटचे दोन पट्टे निरनिराळ्या छटांचे दिसतात, आणि हा दोष नंतर कशानेही झाकता येत नाही.

ताणून बसविण्याच्या पद्धतीत भिंतीलगत तिरपे खिळे असलेल्या लाकडी ग्रिपर पट्ट्या ठोकतात, त्यांच्या आत फोम किंवा फेल्टचा अंडरले पसरतात आणि कार्पेट ताणून खिळ्यांवर अडकवितात. भिंत व पट्टी यांच्यात कार्पेटच्या जाडीहून किंचित कमी फट ठेवावी लागते. कापलेली कडा त्या फटीत दाबून बसते. सध्याच्या सदनिकांत बहुतेक ठिकाणी व्हिट्रिफाइड फरशी असते. तिच्यावर खिळे ठोकल्यास फरशी तडकते, म्हणून तेथे पट्ट्या चिकटद्रव्याने बसवाव्यात. ताणण्याचे काम केवळ गुडघ्याने रेटण्याच्या अवजारावर सोपविले जाते ही सर्वसाधारण चूक होय. मोठ्या खोलीत लांब दांड्याचे ताणयंत्र वापरले नाही तर काही महिन्यांत कार्पेटला लाटा येतात. त्यात पाय अडखळून वृद्ध व्यक्ती पडण्याचा धोका असतो. सांध्याखाली वितळणाऱ्या गोंदाची पट्टी ठेवून खास इस्त्रीने कडा जोडतात. सांधा दाराच्या मध्यभागी किंवा खिडकीच्या उजेडाला आडवा येऊ देऊ नये. बसवणीनंतर दार अडकते तेव्हा ते खालून तासावे लागते, याची कल्पना घरमालकाला आधीच दिलेली बरी.

कार्यालयांत अंडरलेशिवाय थेट चिकटविण्याची पद्धत अधिक योग्य, कारण चाकांच्या खुर्च्या मऊ थरावर लव पिळून काढतात. टाइलसाठी कायमचा गोंद न वापरता पुन्हा सुटणारे चिकटद्रव्य वापरतात. टाइलच्या पाठीवरील बाण एकाच दिशेने ठेवले तर जमीन सलग दिसते, काटकोनात फिरवीत गेले तर चौकटी उमटते. चहा सांडला, पाण्याची नळी फुटली किंवा खालची वायर तपासावयाची झाली तर तेवढ्याच टाइल उचलता येतात. गुंडाळून ठेवता येणाऱ्या जाजमाचा गुण येथे निराळ्या रूपाने परत येतो, आणि दमट प्रदेशातील व्यावसायिक वास्तूंसाठी टाइल हाच पर्याय प्रथम विचारात घ्यावा तो यासाठी.

देखभाल

प्रवेशद्वारापाशी काही पावले चालावी लागतील इतके लांब पायपुसणे ठेवणे हा सर्वांत स्वस्त उपाय. काथ्याचे पायपुसणे दाराबाहेर आणि शोषक पायपुसणे आत अशी जोडी पावसाळ्यात उपयुक्त ठरते. वर्दळीच्या जागी व्हॅक्यूम क्लीनर रोज फिरवावा. डाग पडताच तो घासू नये. कोऱ्या सुती कापडाने टिपून घ्यावा. कपड्यांची तीव्र साबणपूड लोकरीवर वापरू नये, क्षाराने लोकर खराब होते. गरम पाण्याच्या यंत्राने होणारी खोल धुलाई पावसाळ्यापूर्वी किंवा दिवाळीनंतर करावी, कारण भर पावसात धुतलेले कार्पेट दोन-दोन दिवस ओलसर राहते व त्यातच बुरशी धरते. शेजारच्या खोलीतील लादी पुसताना फडक्याचे पाणी दाराच्या पट्टीखाली मुरते, त्या कडेकडे लक्ष असावे. एकूण टाइलच्या शेकडा पाच टाइल त्याच रंगखेपेतून जादा घेऊन कोरड्या जागी, सपाट ठेवाव्यात. काही वर्षांनी तोच रंग बाजारात मिळेलच असे नाही.